ताईंच्या नावाची शिष्यवृत्ती उभी करताना

प्रश्न थोडक्यात असा: "आमची ताई गेल्या वर्षी गेली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती आधी पायाला आधार देणारे कॅलिपर आणि कुबड्या, शेवटची काही वर्षं व्हीलचेअर वापरायची. अपंगांच्या हक्कांसाठी तिनं आयुष्यभर काम केलं, मराठीत पुस्तकं आणि पुष्कळ लेख लिहिले. आम्ही घरच्यांनी आणि तिच्या मित्रमंडळींनी मिळून आठ लाख रुपये जमवले आहेत. तिच्या नावानं महाराष्ट्रातल्या अपंग विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. स्वतःचा ट्रस्ट काढावा का? किती जणांना द्यावी, कुणाला द्यावी? तिच्या लेखनाचं यात काय करता येईल? की निधी मोठा होईपर्यंत थांबावं?"

अपंग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. अर्ज वाचणं, निवड समितीत बसणं, पैसे पोचते करणं आणि नंतर त्या मुलामुलींच्या संपर्कात राहणं, हे सगळं त्यात आलं. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

ट्रस्ट आणि बँक यांच्याकडे वळण्याआधी ताईंचं लिखाण पुन्हा वाचा. पुस्तकं वाचालच, पण त्यांनी लिहिलेले अर्ज, तक्रारी, वर्तमानपत्रांना पाठवलेली पत्रं आणि सभांची टिपणं जास्त लक्ष देऊन वाचा. वही जवळ ठेवा आणि त्यांना काय काय खटकत होतं ते उतरवत जा. परीक्षेचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आलं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागल्या, मुलाखतीत अभ्यासापेक्षा पायांबद्दल जास्त विचारलं गेलं, असं बरंच काही त्यात सापडेल. ती यादी म्हणजे तुमच्या शिष्यवृत्तीच्या नियमांचा कच्चा खर्डा. पुढे प्रत्येक नियम ठरवताना एकच प्रश्न विचारा: अठरा वर्षांच्या ताईंना या नियमानुसार अर्ज करता आला असता का?

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो, कारण याच्या उलट घडलेलं अनेकदा पाहिलं आहे. अपंग हक्क कार्यकर्त्याच्या नावानं शिष्यवृत्ती निघते आणि अटी मात्र कुठल्या तरी जुन्या माहितीपत्रकातून उचललेल्या असतात: वय पंचविसाच्या आत, शिक्षणात खंड नसावा, किमान ७५ टक्के गुण, फक्त नियमित महाविद्यालयाचे विद्यार्थी, मुलाखतीला स्वखर्चानं हजर राहावं. यातली प्रत्येक अट एखाद्या अपंग मुलाला किंवा मुलीला दारातच अडवते. शस्त्रक्रियेत दोन वर्षं गेलेली मुलगी, शाळेनं प्रवेश नाकारल्यामुळे उशिरा पहिलीत बसलेला मुलगा, वसतिगृह मिळालं नाही म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी राहून शिकणारे विद्यार्थी, हे सगळे वगळले जातात. ज्यांच्यासाठी निधी गोळा केला, तेच बाहेर राहतात.

आता आठ लाखांचा हिशेब. बहुतेक कुटुंबांची पहिली इच्छा अशी असते की मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर कायमची शिष्यवृत्ती चालवायची. भावना मी समजू शकतो. पण आकडे बघा. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५६ हजार येतात. महागाई पाच टक्के धरली आणि मूळ रकमेची किंमत टिकवायची म्हटलं, तर ५६ हजारांतले ४० हजार परत निधीत टाकावे लागतात. हातात उरतात १६ हजार. एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा रिक्षाखर्चही त्यात भागेलच असं नाही. आणि महागाईकडे दुर्लक्ष करून सगळंच व्याज वाटत गेलात, तर पंधरा वर्षांनी त्या ५६ हजारांची खरेदीची ताकद निम्म्याहून कमी झालेली असते.

दुसरा मार्ग म्हणजे मुदत ठरवून निधी वापरून टाकणं. तेच आठ लाख, तेच सात टक्के व्याज, पण दहा वर्षांत सगळी रक्कम खर्च करायची असं ठरवलं तर दरवर्षी सुमारे १ लाख १३ हजार रुपये देता येतात. सहा वर्षांत संपवायचं ठरवलं तर वर्षाला सुमारे १ लाख ६७ हजार. माझं मत विचाराल तर मी दहा वर्षांचा मार्ग घेईन आणि एका वेळी दोनच विद्यार्थी घेईन. प्रत्येकाला वर्षाला ५०–५५ हजार, तेही पदवी पूर्ण होईपर्यंत. तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर दहा वर्षांत सहा-सात जणांचं शिक्षण तुमच्या आधारानं पूर्ण होईल. दरवर्षी वीस जणांना पाच-पाच हजारांचे धनादेश वाटले तर यादी मोठी दिसते, पण त्या पाच हजारांमुळे कुणाचं शिक्षण थांबता थांबता वाचलं असं मी फारसं पाहिलेलं नाही. शिक्षण सुटतं ते बहुधा दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षाची मदत संपल्यावर. म्हणून एकदा निवडलेला विद्यार्थी शेवटपर्यंत धरून ठेवणं महत्त्वाचं. एखादा विषय राहिला म्हणून मदत तोडू नका. तो का राहिला ते विचारा. उत्तर पुष्कळदा लेखनिक (परीक्षेत विद्यार्थ्यानं सांगितलेली उत्तरं लिहून देणारा), आजारपण किंवा वेळेवर न मिळालेली पुस्तकं यांपैकी एक असतं. दहा वर्षांत ताईंच्या वाचकांकडून नवी भर पडली तर मुदत वाढवता येईलच.

स्वतःचा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे हिशेब आणि त्यांची तपासणी, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, आयकराची वेगळी नोंदणी आणि वेगळं विवरणपत्र, हा सगळा भार आठ लाखांच्या निधीला पेलणारा नाही. आज सगळे उत्साहात आहेत. पाच वर्षांनी ही कागदपत्रं एकाच माणसाच्या गळ्यात येतात. अपंगांसाठी किंवा शिक्षणासाठी आधीच काम करणारी, हिशेब चोख ठेवणारी नोंदणीकृत संस्था शोधा आणि तिच्याकडे विशिष्ट हेतूसाठीचा निधी म्हणून रक्कम सोपवा. देणगीदारांना आयकरात देणगीची सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर त्या संस्थेकडे तशी मान्यता आहे का, हे आधीच पाहा. ताईंचे परदेशातले स्नेही पैसे पाठवणार असतील तर आणखी काळजी घ्या. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी व्यक्तीनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेली देणगी, धरली जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, म्हणजे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) कार्ड असलेल्यांचीही, देणगी धरली जाते. ती घ्यायला संस्थेकडे २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

संस्थेशी करारपत्र लेखी करा. रक्कम वेगळ्या खात्यात किंवा किमान हिशेबाच्या वेगळ्या शीर्षाखाली राहील, व्यवस्थापनखर्च म्हणून कमाल किती टक्के घेतले जातील, निवड समितीत कोण असेल, वर्षातून एकदा तुम्हाला हिशेब कधी मिळेल, संस्था बंद पडली किंवा तिनं हे काम सोडलं तर उरलेली रक्कम कुठे जाईल. तोंडी विश्वासावर दिलेले निधी दहा वर्षांनी संस्थेच्या इमारत निधीत विरघळलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात दर वेळी कुणाची लबाडी होती असंही नाही. पदाधिकारी बदलतात, जुनी फाईल कुणी उघडत नाही. कागद असला की नवा माणूसही बांधलेला राहतो.

कुणाला द्यावी, यावर कायद्याचा आधार घ्या, पण त्यात अडकून पडू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन्स हे सगळं यात येतं. तरीही "अपंग विद्यार्थ्यांसाठी" म्हटलं की निवड समितीच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर आणि पांढरी काठीच येते. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या सिकलसेल असलेल्या मुलीला आपण यात बसतो हेच माहीत नसतं. म्हणून जाहिरातीत प्रकार नावानिशी लिहा.

किमान चाळीस टक्के अपंगत्वाची अट सरकारी आरक्षणासाठी आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत त्या टक्केवारीवर मिळते. तुमच्या खासगी शिष्यवृत्तीला ही रेघ ओढायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं: लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणानं लेखनिक नाकारता येणार नाही. टक्केवारी शरीराची मोजली जाते; शिकताना येणारी अडचण त्या आकड्यात मावत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, असेल तर ते घ्या. अजून मिळालं नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं किंवा शाळा-महाविद्यालयाचं पत्र चालवा आणि कार्ड काढायला मदत करा. उत्पन्नाची अट ठेवणार असाल तर अपंगत्वामुळे होणारा खर्च वजा करून उत्पन्न धरा. दोन घरांचं उत्पन्न कागदावर सारखं असतं, पण एका घरातून दरमहा फिजिओथेरपी, औषधं आणि प्रवासाचे पैसे जात असतात.

आणि किमान निम्म्या जागा मुलींसाठी ठेवा. अपंग मुलीला घराबाहेर शिकायला पाठवताना घरचे दुप्पट घाबरतात, आणि पैशाची सबब पुढे करणं सर्वांत सोपं असतं. ती सबब तरी काढून घेता येते.

पैसे कशासाठी, याबाबत मात्र माझं मत ठाम आहे: कशासाठीही. बिलं मागू नका. फी हा अपंग विद्यार्थ्याच्या खर्चाचा सर्वांत दिसणारा भाग असतो, पण नेहमीच सर्वांत मोठा नसतो. बस चढता येत नाही म्हणून रोजची रिक्षा, तळमजल्यावरची खोली हवी म्हणून जास्तीचं भाडं, पुस्तकं वाचून दाखवणाऱ्याला आणि लेखनिकाला मानधन, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कॅलिपरची दुरुस्ती, कॅथेटर, रेकॉर्डिंग करता येईल असा फोन, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे तास. यातल्या निम्म्या गोष्टींची पावती मिळत नाही आणि काही गोष्टींची पावती अनोळखी समितीपुढे ठेवायला कुठल्याही तरुण मुलीला संकोच वाटेल.

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या हेलन केलर यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातली पैशाची बाजू कमी सांगितली जाते. १९०४ साली त्या रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. लेखक मार्क ट्वेन यांनी शब्द टाकल्यावर स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी तेलकंपनीचे हेन्री रॉजर्स आणि त्यांच्या पत्नी यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला होता. वर्गात त्यांच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन शेजारी बसून प्रत्येक व्याख्यान त्यांच्या तळहातावर बोटांनी लिहीत, आणि ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकंही तशीच पोचवत. नुसती फी भरून त्या पदवीधर झाल्या नसत्या. दोघींचा निर्वाह चालणं आवश्यक होतं. तुमच्या विद्यार्थ्याबरोबरही असंच कुणीतरी असेल, आई, भाऊ, वर्गमैत्रीण, आणि त्या व्यक्तीचा वेळही या पैशातून विकत घ्यावा लागेल.

रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करा, वडिलांच्या नाही. अंध व्यक्तीला बँकेनं खातं, चेकबुक, एटीएम यांपैकी काहीही नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच बँकांना कळवलं आहे. शाखेत अडवलं तर तसं लेखी मागा. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळीच, जून-जुलैमध्ये द्या आणि निम्म्याहून मोठा द्या. डिसेंबरात सत्कार समारंभात दिलेला धनादेश येईपर्यंत घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. केंद्र आणि राज्य सरकारच्या काही शिष्यवृत्ती योजनांत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही अशी अट असते. तुमच्या रकमेमुळे मुलाची सरकारी मदत जाता कामा नये. निवड झाल्यावर प्रत्येकाबरोबर बसून तो राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर किंवा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कशाचा लाभ घेतो आहे ते पाहा, त्या योजनेची त्या वर्षीची अट वाचा, आणि गरज पडली तर तुमची मदत उपकरण, लेखनिक किंवा प्रवास यासाठीचं साहाय्य म्हणून लेखी नोंदवा. हे संस्थेच्या हिशेबनिसाला आधी विचारून करा.

अर्जाचा नमुना हा ताईंच्या विचारांचा खरा कस. तो एका पानाचा असावा, मराठीत असावा, आणि कागदावर, ऑनलाइन, फोनवरून सांगून किंवा व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून, कसाही देता यावा. मूकबधिर विद्यार्थ्याला सांकेतिक भाषेत व्हिडिओ पाठवता यावा. ऑनलाइन फॉर्ममध्ये चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा ठेवू नका. अंध विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच संपतो. फॉर्म जाहीर करण्याआधी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या दोघा-तिघांना तो पूर्ण भरायला सांगा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, तुम्हीही तो संगणकावर चालवून, पडदा बंद करून, स्वतःचा फॉर्म भरून पाहू शकता.

"अपंगत्वावर तुम्ही कशी मात केली?" हा प्रश्न अर्जात अजिबात नको. असले निबंध मी खूप वाचले आहेत. सतरा वर्षांच्या पोरांना कळतं की इथे दुःख जितकं गडद लिहू तितके गुण मिळतील, आणि ती आपल्या आईवडिलांच्या लाचारीचं वर्णन करायला लागतात. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि अपंग हक्क कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१४ मध्ये सिडनीतल्या एका भाषणात आपला अनुभव सांगितला होता. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कुणीतरी त्यांचं नाव सामाजिक कामगिरीच्या पुरस्कारासाठी सुचवायचं ठरवलं. आईवडिलांनी उत्तर दिलं, छान आहे, पण तिनं कामगिरी अशी काही केलेलीच नाही. ती शाळेत जात होती, शाळा सुटल्यावर आईच्या केशकर्तनालयात काम करत होती, इतर मुलींसारखीच जगत होती. त्या वर्षअखेर, अवघ्या ३२ व्या वर्षी, स्टेला गेल्या. अपंग माणसाचं साधं जगणं इतरांच्या स्फूर्तीसाठी वापरायला त्यांचा विरोध होता, आणि ताईंच्या लेखांतही हा सूर तुम्हाला सापडेल असं मला वाटतं.

त्याऐवजी विचारा: तुमच्या महाविद्यालयातली किंवा गावातली कुठली एक गोष्ट बदलावी असं तुम्हाला वाटतं, आणि त्यासाठी तुम्ही काय करून पाहिलंत? या प्रश्नाची उत्तरं वाचताना कार्यकर्ता आणि लेखक दोन्ही दिसतात. ग्रंथालयाचा उंबरठा, प्रयोगशाळेतलं उंच टेबल, गॅदरिंगला कधीच न बोलावलं जाणं, शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात म्हणून ओठ वाचता न येणं, असे बारकावे येतात. लिहिण्याची सफाई बघू नका. ज्यानं प्राचार्यांना तीन ओळींचा मोडकातोडका अर्ज दिला आहे, तो मला सुंदर निबंध लिहिणाऱ्याइतकाच मोलाचा वाटतो.

निवड समिती पाच जणांची पुरे. त्यातले किमान तीन स्वतः अपंग असावेत, आणि तिघांचं अपंगत्व वेगवेगळं असावं. घरचा एकच माणूस. ताईंच्या पुस्तकांच्या प्रकाशन क्षेत्रातल्या किंवा लेखक मित्रांतल्या एकाला घ्या. काही वर्षांनी शिक्षण पूर्ण केलेला एखादा शिष्यवृत्तीधारक समितीत आला की निवडीचा दर्जा लगेच बदलतो. अर्जात काय लिहिलेलं नाही, हे त्याला वाचता येतं. मुलाखत शक्यतो फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या. प्रत्यक्ष बोलवायचं झालं तर दोन माणसांचा प्रवासखर्च आधी पाठवा.

ताईंच्या लेखनाबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर जरा लांबेल, कारण इथे तुमच्या हातात इतरांकडे नसलेली गोष्ट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि तो वारसांकडे येतो. म्हणजे ताईंच्या पुस्तकांचं मानधन पुढची साठ वर्षं या निधीला मिळू शकतं. त्यासाठी मृत्युपत्र असेल तर ते पाहा, सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, प्रकाशकाबरोबरचे जुने करार तपासा. हक्क संस्थेच्या नावे करणार असाल तर करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायद्यानं ती पाच वर्षांचीच धरली जाते. रक्कम मोठी नसेल, मराठी पुस्तकांची नसतेच, पण दरवर्षी न चुकता येणारे थोडे पैसे निधीला उपयोगी पडतात.

त्याहून महत्त्वाचं, ताईंची पुस्तकं तुमच्या विद्यार्थ्यांना वाचता येतील का? जुन्या मराठी पुस्तकांच्या संगणकीय प्रती बहुधा श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. त्या स्क्रीन रीडरवर टाकल्या की निरर्थक अक्षरं ऐकू येतात. आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. प्रकाशकाकडून मूळ फाईल मागा, ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, कुणाकडून तरी नीट मुद्रितशोधन करून घ्या, मग ईपब (ई-पुस्तकाचा एक प्रकार) आणि ब्रेल दोन्ही काढता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानं अपंग वाचकांसाठी अशा प्रती करायला मोकळीक दिली आहे, आणि अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या मॅराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. तयार झालेल्या प्रती सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयासाठी द्या. आठ लाखांतली थोडी रक्कम पहिल्याच वर्षी या कामाला लावायला मी आनंदानं होकार देईन. युनिकोड रूपांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम एखाद्या गरजू अपंग विद्यार्थ्याला मोबदला देऊन करायला देता आलं तर फारच चांगलं.

विद्यार्थ्यांना ताईंवर भाषण करायला किंवा श्रद्धांजलीपर निबंध लिहायला लावू नका. निवड झाल्यावर त्यांची पुस्तकं भेट द्या, वाचता येतील अशा रूपात, आणि एवढंच सांगा की कुणाला लिहायचं असेल तर शिष्यवृत्तीपेक्षा वेगळा मोबदला देऊन आम्ही एक लेख छापायला मदत करू. ऐच्छिक ठेवलं की लिहिणारे आपणहून पुढे येतात. जावेद अबिदी, जे १९९५ च्या अपंग कायद्याच्या चळवळीत आघाडीवर होते आणि २०१८ साली गेले, त्यांच्या नावानं एनसीपीईडीपी ही अपंगांच्या रोजगारासाठी काम करणारी संस्था, जिचे ते संचालक होते, अपंग तरुणांना पाठ्यवृत्ती (फेलोशिप) देते, आणि त्या तरुणांनी अपंगांच्या प्रश्नांवर अभ्यास आणि पाठपुरावा करावा अशी तिची रचना आहे. नाव ज्या माणसाचं, काम त्याच धाटणीचं. तुमची रक्कम लहान आहे, पण हे तत्त्व लहान रकमेलाही लागू होतं.

पैशाइतकीच, कधी पैशाहून जास्त, गरज असते फोन उचलणाऱ्या माणसाची. आमच्या एका अंध विद्यार्थिनीला परीक्षेच्या आदल्या दुपारी महाविद्यालयानं सांगितलं की तिचा लेखनिक चालणार नाही. आमच्या कार्यकर्तीनं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत घेऊन परीक्षा विभाग गाठला आणि संध्याकाळपर्यंत परवानगी मिळाली. त्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, हेही त्या विभागाला तेव्हाच कळलं. आमच्या शिष्यवृत्तीची रक्कम त्या दिवशी काही कामाची नव्हती. ताईंचे सहकारी हे काम उत्तम करतील. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक माणूस जोडून द्या. प्रवेश, परीक्षा फॉर्म आणि परीक्षा या तीन वेळा त्यानं आपणहून फोन करायचा. लेखनिकाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दरवर्षी परीक्षेआधी ताजी प्रत काढून विद्यार्थ्याच्या फोनवर पाठवून ठेवा.

समारंभ करायचाच असेल तर छोटा करा. व्यासपीठावर चढायला उतार नसेल तर व्यासपीठ वापरू नका, सगळे एकाच पातळीवर बसा. मुलांच्या हातात मोठा धनादेश देऊन फोटो काढू नका, त्यांची नावं आणि अपंगत्वाची माहिती परवानगीशिवाय छापू नका. दुभाष्याचा खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे तो शेवटी कापला जात नाही.

निधी मोठा होईपर्यंत थांबू नका. थांबलेल्या निधीत भर पडत नाही. चालू शिष्यवृत्ती बघून लोक पैसे देतात. करारपत्र आणि समिती मार्चपर्यंत, एप्रिलमध्ये अर्जाची चाचणी, बारावीचे निकाल लागायच्या सुमाराला जाहिरात, आणि ती फक्त वर्तमानपत्रात न देता जिल्ह्यातल्या विशेष शाळा, महाविद्यालयं आणि सिकलसेल-थॅलेसेमियाच्या रुग्णगटांपर्यंत पोचवा. पहिल्या वर्षी एकच विद्यार्थी घेतलात तरी चालेल, पण त्याचा पहिला हप्ता जुलैच्या आत खात्यात पडला पाहिजे. करारपत्राचा मसुदा तयार झाला की सही करण्याआधी मला दाखवा, कलमं बघून देईन.